ही खेप माझी

पहाटे साडेतीनला निघाले.
कुत्री मक्याच्या कणग्यांखाली झोपलेली,
झांबेझीकडून गार वारा.
कापुलानाच्या पदराला गाठ, गाठीत सहा कार्डं,
खांद्यावर पिशवी, पिशवीत सहा डब्या
आणि देल्फिनाने दिलेला उकडलेला कसावा.
"येताना खा. जाताना पोट जड झालं की पाय मंदावतात."
तिला सगळं माहीत असतं.

काल गोरखचिंचेखाली मोजणी झाली.
आपल्या गोळ्या ताटलीत ओतायच्या,
मोजायच्या मात्र शेजाऱ्याने. नियमच तसा.
झेफानियासच्या चार. बरोबर.
तेरेझिन्याच्या चार, माझ्याही चार.
काश्तिगूच्या अकरा.

अमादे शिंप्याने पुन्हा मोजल्या,
दोन-दोन करून, बटणं मोजतो तशा.
अकराच.
काश्तिगू जमिनीकडे बघत म्हणाला,
तंबाखूच्या मळ्यावर एका खोलीत नऊ माणसं,
डबी काढणार कुठे? वाजते ती.
"कापूस कोंबायचा," देल्फिना म्हणाली.
आणि मग कळलं,
आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी कापूस कोंबला होता
आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं.

पूर्वी दर महिन्याला सहाच्या सहा जण खेटे घालायचो,
बावीस किलोमीटर, वेगवेगळे,
रस्त्यात ओळख न दाखवता.
तापाने फणफणलेल्या पोरांच्या आयांमागे
रांगेत आम्ही धडधाकट माणसं.
टोपलीत माझे टोमॅटो मऊ पडायचे,
आणि दुपार कलली की खिडकीतून आवाज:
खोकला? ताप? वजन? पुढचा.
अमादे म्हणतो, तो अंगरखा आजाऱ्याच्या मापाचा होता.
आपण उठून शेतावर गेलो तरी अंगात तोच.
शिंप्याने आधी माणसाकडे बघावं,
मग फितीकडे.

आज खिडकीशी मी.
सिस्टर लुर्देश विचारते, "कशी आहेस?"
"सहातली कोणती?" मी म्हणते, आणि ती हसते.
देल्फिनाचा गुडघा सांगते, तो या आजाराचा नाही, वयाचा.
झेफानियास दोन किलो वाढलाय, नवी सून चांगलं रांधते.
तेरेझिन्याला दिवस गेलेत,
ती आता या गाठोड्यात मावायची नाही,
सोमवारी स्वतः येईल.
काश्तिगूचं सांगायचं नाही असं रस्ताभर ठरवलं होतं.
सांगते.

सिस्टर लिहिते. पेन थांबत नाही.
"रक्त तपासायला पाठव त्याला. ओरडणार नाही म्हणावं."
मग वर बघून म्हणते, पुढच्या खेपेपासून
जे नीट आहेत त्यांना सहा महिन्यांच्या एकदम.
वर्षातून दोनदाच यायचं.

परतीच्या वाटेवर मी बोटांवर हिशेब करते.
वर्षाला दोन खेपा, माणसं सहा,
म्हणजे माझी पाळी तीन वर्षांनी.
तोवर धाकटी माझ्या खांद्याला लागेल.
किती बाजार वाचतील! किती टोमॅटो!
आणि तरी कुठेतरी खट्टू झाले, खोटं का बोलू.
गोरखचिंचेखाली मग कोण कशाला बसेल?
मोजणी दर महिन्याला ठेवायची, असं आजच सांगते त्यांना,
डब्या भरलेल्या असल्या तरी.
काश्तिगूच्या ताटलीशी मी बसेन.

जीव भांड्यात पडतो म्हणतात.
आमचे सहा, सहा डब्यांत, पावलागणिक खुळखुळताहेत.
कापूस घेतलाच नव्हता आज.
सायकलवरचा एक पोरगा वेग कमी करून विचारतो,
"मावशी, काय वाजतंय?"
"गोळ्या."
"कुणाच्या?"
"आमच्या," मी म्हणते,
आणि कसाव्याचा अर्धा तुकडा त्याला देते,
कारण उन्हाने तो मलाही एकटीला संपत नाही.